महिला आरोग्य समितीत नाव घातलंय, पुढे काय करायचं?

प्रश्न नवी मुंबईतल्या दिघ्याच्या एका ताईंचा आहे. आशाताईंनी त्यांचं नाव महिला आरोग्य समितीत, म्हणजे आरोग्याच्या कामासाठीच्या वस्तीतल्या बायकांच्या गटात घातलं, सह्या घेतल्या, फोटो काढला. आता खरंच काही करता येतं का? आणि तक्रार केली तर लस द्यायला येणाऱ्या सिस्टर यायच्या बंद होतील का?

ताई, भीतीचं आधी बोलू. सिस्टर यायच्या बंद होणार नाहीत. लसीकरणाचं सेशन लावावंच लागतं, त्याचा रिपोर्ट वर जातो. पण त्यांच्याशी वाकडं घेऊन समिती चालत नाही, हेही तितकंच खरं. एका सिस्टरकडे साधारण 10,000 लोकवस्ती, आशाताईकडे 1,000 ते 2,500. त्यात सर्व्हे, ऑनलाइन नोंदी आणि दर महिन्याला नवी मोहीम. त्यांची अडचण आपल्या मागणीत गुंफली की त्याच आपल्या बाजूने बोलायला लागतात. कळव्याच्या डोंगराकडच्या वस्त्यांत बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं हे ठाम मत झालंय.

लसीकरणाचंच बघा. आमच्याकडे सेशन सकाळी दहाचं. त्या वेळी निम्म्या बायका घरकामाला गेलेल्या, पोरं आजीकडे नाहीतर शेजारी. त्यात गोवर-रुबेलाची बाटली एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत वापरावी लागते, उरलेले डोस फेकायचे. एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडा, अशी सूचना आहे. तरी एखादंच मूल आलं की "पुढच्या वेळी या" ऐकायला मिळतं. आई एकदा परत गेली की पुन्हा रजा टाकून येत नाही. अशाच सुटलेल्या मुलांमुळे 2022 च्या शेवटी मुंबई-भिवंडीकडे गोवर पसरला.

आम्ही तक्रार केली नाही. आशाताईंकडे ड्यू लिस्ट असते, म्हणजे कोणत्या मुलाचा कोणता डोस राहिलाय त्याची यादी. ती घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे आई घरी कधी असते ते लिहिलं. बहुतेकींची वेळ दुपारी दोननंतरची निघाली. तो कागद घेऊन मेडिकल ऑफिसरना भेटलो. सेशनची वेळ आणि जागा बदलायला आयुक्तांची सही लागत नाही, आरोग्य केंद्राच्या पातळीवरच होतं. दुपारी मुलं एकत्र आली, बाटली वाया जायची सिस्टरची काळजीही गेली. म्हणून सुरुवात अशाच मागणीने करा, जी समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात आहे.

पैशांचा फार विचार करू नका. 50 ते 100 घरांमागे एक समिती आणि तिला वर्षाला 5,000 रुपये, म्हणजे महिन्याला सव्वाचारशेसुद्धा नाहीत. खातं अध्यक्ष आणि आशाताई यांच्या जोडसहीचं असतं. पासबुक मागून बघा, लाजू नका. त्यातून बॅनर छापायला सांगतील, चटया घ्या म्हणतील. त्यापेक्षा अगदीच गरीब घरातली बाळंतीण रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रिक्षाचे पैसे त्यातून द्या. अशा खास गरजेला खर्च चालतो, फक्त ठराव लिहून ठेवा.

आणि एक सांगते, थोडं कडवट वाटेल. सहभाग म्हणजे केंद्राला गर्दी जमवून देणं नव्हे. रॅलीला बायका हव्यात, शिबिराला खुर्च्या लावायला माणसं हवीत, की समितीची आठवण होते. चारदा जा, पाचव्यांदा विचारा, "आमच्या मागच्या अर्जाचं काय झालं?"

डेंग्यूच्या दिवसांत हे फार दिसतं. फवारणीवाले घरात येऊन पिंपात बॅटरी मारतात, अळ्या दाखवतात, आठवड्यातून एक दिवस पिंप कोरडं ठेवा म्हणून बजावतात. बरोबरच आहे, अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो. पण चढावरच्या ज्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, तेही तासभर, तिथली बाई पिंप ओतणार कसं? आम्ही गल्लीनिहाय पाण्याच्या वेळा आणि अळ्या सापडलेली घरं एकाच कागदावर मांडून प्रभाग कार्यालयात दिली. एक प्रत आरोग्याला, एक पाणीपुरवठ्याला. पाणी लगेच वाढलं नाही. पण पिंपांना घट्ट जाळी बांधायचं कापड मिळालं, आणि लोकांना नुसतं झापून जाणं थांबलं.

गावाकडे असा जाब विचारण्याला जास्त जोर आहे. 2007 मध्ये राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणेही होतं. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता. गावातले लोक सेवेची प्रगतीपत्रकं भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे. शहरात ग्रामसभा नाही. कायद्यात तिच्यासारखी क्षेत्रसभा आहे म्हणतात, भरलेली मी तरी पाहिली नाही. नवी मुंबईत तर 2020 नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे तुमच्या हातात कागद हेच खरं. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी "बघतो" याला काही अर्थ नसतो.

केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत, म्हणजे केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत, कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हेही विचारा. सांगितलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपये शुल्क आहे, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईच्या नावाने केला तर शुल्कही नाही, फक्त दाखल्याची झेरॉक्स जोडा. मात्र हा अर्ज तुमच्या आशाताईंना करायला लावू नका. त्यांचा मोबदला त्याच केंद्रातून निघतो.