गाणी हलवली आणि प्लेलिस्ट मुकी झाली

प्रश्न : विंडोज लॅपटॉपवर आयट्यून्समध्ये माझं १४० जीबी संगीत आहे. नाट्यपदं, खासगी बैठकी, कॅसेटवरून घरीच उतरवून घेतलेलं बरंच काही. सी ड्राइव्ह भरत आला म्हणून १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. तिच्यावर 'लॅपटॉपवरील सर्व जुनं संगीत' असं फोल्डर केलं आणि सगळं कट करून त्यात पेस्ट करू लागलो. काही फायली 'नाव फार लांब' म्हणून अडकल्या. ज्या गेल्या, त्यांच्यापुढे प्लेलिस्टमध्ये उद्गारचिन्ह येतं, गाणं वाजत नाही. डिस्कही ९३१ जीबीचीच दिसते. दुकानदाराने फसवलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदार निर्दोष आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच, मोजमाप वेगळं.

आता मुख्य दुखणं. आयट्यून्सच्या प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. तुम्ही बिऱ्हाड हलवलंत, पत्ता जुनाच राहिला. म्हणून आधी हलवलेल्या फायली होत्या तिथेच, त्याच फोल्डरांत परत ठेवा. उद्गारचिन्हं जातील.

मग डिस्कला कायमचं अक्षर द्या. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन एम वगैरे, वर्णमालेतलं पुढचं अक्षर निवडा. नाहीतर आज ई, उद्या पेन ड्राइव्ह आधी लावला की एफ, आणि पुन्हा तोच गोंधळ. डिस्कवर थेट 'संगीत' एवढंच फोल्डर करा. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली मीडिया फोल्डर म्हणून तेच निवडा. मग फाइल, लायब्ररी, ऑर्गनाइज लायब्ररी या वाटेने 'कन्सॉलिडेट फाइल्स'वर खूण करा. आयट्यून्स स्वतः फायलींची कॉपी करतं, नवे पत्ते लिहून ठेवतं, मूळ फायलींना हात लावत नाही. केबल आतून निळ्या असलेल्या पोर्टलाच लावा, तो बहुधा यूएसबी ३ असतो. जुन्या पोर्टवर १४० जीबीला तास-दीड तास सहज जाईल.

लांब नावांचं कारण मजेशीर आहे. विंडोज साधारणपणे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत सगळा पत्ता २६० अक्षरांत बसवतं, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजतं. 'मल्हार' तुम्हाआम्हाला तीन अक्षरं, विंडोजला सहा. बैठकवाल्या रसिकांची खोड मला ठाऊक आहे : राग, ताल, साथीला कोण, कुठल्या गावी, कुणाच्या दिवाणखान्यात, सगळं फाइलच्या नावात! त्यात तुमच्या फोल्डरचं ते ऐसपैस नाव. राग आणि गायक नावात ठेवा, बाकी तपशील 'सॉन्ग इन्फो'मधल्या 'कॉमेंट्स'मध्ये टाका. पण नाव बदलायचं ते आयट्यून्सच्या आतूनच. बाहेरून फोल्डरमध्ये जाऊन बदललंत तर उद्गारचिन्ह हजर.

कॅसेटवरून उतरवलेल्या फायली वेव्ह (आवाज न आवळता जसाच्या तसा ठेवणाऱ्या) असतील तर ९० मिनिटांना सुमारे ९५० एमबी लागतात. त्या एमपी३ करू नका. एमपी३ करताना जागा वाचवायला आवाजातलं जे काढून टाकलं जातं ते परत येत नाही, आणि ही रेकॉर्डिंग बाजारात मिळायची नाहीत. आयट्यून्समध्येच 'अ‍ॅपल लॉसलेस' करता येतात, जागा जवळपास निम्मी लागते आणि सूर तसूभरही हलत नाही. एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या महागड्या डिस्कवर, पैसे घालू नका, गाणी ऐकायला साधी फिरती डिस्क पुरते.

लॅपटॉपवरची मूळ गाणी मात्र इतक्यात पुसू नका. पुसलीत की सगळं त्या एकाच डिस्कवर, आणि ती टेबलावरून पडायला मांजरही पुरतं. आणखी एक डिस्क घ्या, तीवर सगळं कॉपी करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. मुलगी, भाऊ, कुणीही. त्यांच्याकडे मॅक असेल तर डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोघांनाही वाचता-लिहिता येणाऱ्या मांडणीत) फॉरमॅट करून घ्या. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस डिस्कवरची गाणी मॅक वाजवतो, पण तिच्यावर नवं काही लिहू देत नाही. दोन्ही डिस्कवरची चार-सहा गाणी शेवटपर्यंत ऐका, मगच सी ड्राइव्ह मोकळा करा.