बाबांच्या किडनीच्या रिपोर्टात 'सार्कोमेटॉइड' लिहिलंय, प्रतिकारशक्तीचेच रेणू कॅन्सरच्या पेशी बदलतात असं वाचलं, मग गुळवेलीचा काढा बंद करू का?

मी डॉक्टर नाही हं, पीएचडीची चार वर्षं किडनीच्या पेशी वाढवण्यात गेली, त्यामुळे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

आमच्याकडे एचके-२ नावाच्या पेशी होत्या, किडनीच्या नळीतल्या, कॅन्सरच्या नाहीत. डिशमध्ये त्या शहाबादी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून वाढतात. शुक्रवारी त्यात टीजीएफ-बीटा (तुम्ही वाचलेल्या प्रतिकारशक्तीच्या रेणूंपैकीच एक, त्यांना सायटोकाइन म्हणतात) घालायचं, मिलीलीटरला जेमतेम १० नॅनोग्रॅम, की सोमवारी मायक्रोस्कोपखाली फरशी उखडलेली, पेशी लांबट, दोन्हीकडे निमुळत्या, सुट्या सुट्या. शेजारणीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी झालेलं आणि सुट्या, फिरत्या पेशींत असणारं व्हिमेंटिन वाढलेलं. किडनी कॅन्सरच्या पेशींना टीएनएफ-अल्फा हे दुसरं सायटोकाइन दिलं तरी साधारण हेच होतं, वर त्या आजूबाजूचं जाळं कुरतडणारं एमएमपी-९ सोडतात, म्हणजे पसरायला रस्ता मोकळा. सार्कोमेटॉइड, म्हणजे गाठीतल्या पेशी अशाच लांबट झालेल्या असणं, हा याच वाटेवरचा पुढचा टप्पा मानतात.

आणि हे रेणू फक्त आपल्या पांढऱ्या पेशीच सोडतात असंही नाही, गाठ स्वतः सोडते. त्यातलंच आयएल-६ रक्तात गेलं की लिव्हर सीआरपी (शरीरात सूज असल्याचं दाखवणारं प्रथिन) बनवत सुटतं, ताप येतो, वजन उतरतं, आणि लघवीची काहीच तक्रार नसल्यामुळे माणूस महिनाभर टायफॉइडच्या टेस्ट करत बसतो.

पण म्हणून प्रतिकारशक्तीच वाईट असं धरू नका. आयएल-२ पण सायटोकाइनच ना, पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, फायदा मोजक्यांना झाला आणि साइड इफेक्ट भयंकर, पण त्या मोजक्यांतल्या काहींचा आजार वर्षानुवर्षं परत आला नाही. हल्ली टी-पेशींचे ब्रेक काढणारी निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही जोडी देतात, आणि जुन्या गोळ्यांना फारशी दाद न देणाऱ्या सार्कोमेटॉइड गाठींवर तिचा परिणाम चांगला दिसलाय. त्यामुळे तो शब्द वाचून लगेच हातपाय गाळू नका, रिपोर्टात सार्कोमेटॉइड भाग किती टक्के लिहिलाय ते ऑन्कॉलॉजिस्टला दाखवून या औषधांबद्दल विचारा.

काढ्याचं म्हणाल तर त्याने टीजीएफ-बीटाचं बटण चालूबंद होतं असं मला तरी वाटत नाही, माझी काळजी वेगळीच आहे. गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला सूज आल्याच्या मुंबईतल्या केसेस २०२१ मध्ये छापून आल्या होत्या (आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद वेगळा), आणि इम्युनोथेरपीने, म्हणजे वरच्या जोडीसारख्या औषधांनीही, एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारा आकडा) चढतं. दोन्ही एकदम चालू असलं आणि आकडा चढला तर नक्की कशामुळे ते डॉक्टरांनाही कळणार नाही आणि चांगलं चाललेलं इंजेक्शन थांबवायची वेळ येईल, म्हणून काढा चालू आहे हे त्यांना आजच सांगा.