रिपोर्ट यायचाय आणि छाती धडधडतेय

रक्ताच्या कॅन्सरची शंका आली, तपासण्या सुरू झाल्या की बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन समुपदेशनाच्या खोलीत येतात: "छातीत सारखी धडधड होते. हार्टचं काही आहे की टेन्शनच आहे?" घरच्यांनी उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं, "टेन्शन घेऊ नकोस." या उत्तराने किती घोळ होतो, ते सुमनताईंच्या उदाहरणावरून कळेल. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

ताई ५१ वर्षांच्या, कराडजवळच्या गावात शिलाईकाम करतात. दोन-तीन महिने थकवा होता. दहा पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी २,४०० आणि प्लेटलेट ५८,०००. तिन्ही आकडे एकदम खाली, म्हणून फिजिशियननी रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि बोनमॅरोची, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाची, तपासणी करायचं ठरलं. त्या आठवड्यात रात्री दोनला धडधड सुरू झाली म्हणून त्यांना दोनदा कॅज्युअल्टीत नेलं. दोन्ही वेळा ईसीजी काढला. ठोके ११८, लय नियमित. "घाबरण्यासारखं नाही" म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री दिरांनी हार्टसाठी म्हणून डिस्प्रिनची गोळी पाण्यात विरघळवून पाजली. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना.

डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, त्या आधीच कमी आणि असलेल्यांचंही काम ही गोळी सात ते दहा दिवस बंद पाडते. कॉम्बिफ्लॅममधल्या आयबुप्रोफेनचाही धोका याच जातीचा. तपासण्या चालू असताना ताप-दुखण्याला साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. घरात उरलेली स्टेरॉइडची गोळी तर अजिबात नको, काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तिच्यामुळे बोनमॅरोचं चित्रच पुसट होतं. शेजारणीची झोपेची गोळीही नको.

पहिल्या भेटीआधी मुलाने बाहेर गाठून सांगितलं, "मॅडम, आईसमोर कॅन्सर शब्द काढू नका." अशा वेळी समुपदेशकाने मुलाला होही म्हणू नये आणि नाहीही. पेशंटलाच विचारावं, "कसली तपासणी चालू आहे असं वाटतं तुम्हाला?" ताई म्हणाल्या, "बाहेर पाटी लावलीय ना मोठी. वाचता येतं मला." मुलगा खाली बघत बसला. पंधरा दिवस दोघंही एकमेकांपासून तोच शब्द लपवत होती आणि रात्री दोघंही जागी असायची.

आता धडधडीचं. हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं की रक्ताची प्रत्येक फेरी निम्माच ऑक्सिजन नेते. ती तूट भरायला हृदय फेऱ्या वाढवतं. म्हणजे ईसीजीची लय नीट असणं आणि ठोके ११८ असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. ही धडधड भीतीने होत नाही आणि प्राणायामाने जातही नाही. भीतीची धडधड वेगळी. ती शांत बसल्या-झोपल्या अचानक येते, दहाएक मिनिटांत टिपेला जाते, बोटांना मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं आणि अर्ध्या तासात ओसरते. अशा पेशंटमध्ये बहुतेक वेळा दोन्ही असतात. वाद घालून उपयोग नाही, मोजावं लागतं.

ताईंकडे गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती. तिच्याच कोऱ्या पानावर तीन रकाने आखले: वेळ, काय करत होते, ठोके. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि घड्याळ बघून पूर्ण ६० सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की घाबरलेल्या माणसाची चूकही चौपट होते. दिवसातून तीनदा, शिवाय धडधड झाली की तेव्हा आणि वीस मिनिटांनी परत. वीस वेळा मोजायचं नाही, त्याने उलट भीती वाढते.

पाच दिवसांत वहीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दिवसा नुसतं बसून १०४ ते १०८, जिना चढल्यावर १२६. रात्रीचे झटके १३० पर्यंत, पण पंचवीस मिनिटांत ११० वर. दोन दिवसांत रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. हृदयावर ताण येऊ नये म्हणून एकेक पिशवी साडेतीन-चार तासांत, सावकाश. त्यानंतर दिवसाचे ठोके ९२ वर आले. रात्रीचे झटके मात्र पाचपैकी दोन रात्री येतच राहिले. तो वाटा मनाचा, आणि समुपदेशन करायचं ते त्याच्यावर.

झटक्यात लोक "दीर्घ श्वास घे" म्हणतात. पेशंट जोरजोरात श्वास ओढतो, अंगातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या वाढतात. ताईंना उलट शिकवलं: नाकाने चार आकडे आत, ओठ चंबूसारखे करून सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. काळजी करायला संध्याकाळी वीस मिनिटांची वेळ ठरवली. मनात येईल ते मुलाने लिहून घ्यायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. यादीत पहिला प्रश्न आजाराचा नव्हताच. "खर्च किती?" होता. तेवढ्यासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे पाठवलं, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते कळायला. रात्रीच्या धडधडीचा एक वाटा तिथेच गेला असावा.

मध्येच टूडी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी मिळाली आणि ताईंना वाटलं, आता हार्टही गेलं. काही केमोची औषधं, उदाहरणार्थ डॉनोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतात. पुढे लागलीच तर आधीची नोंद हवी म्हणून इको करतात. रिपोर्टमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय एका ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते, ६० टक्के. ताईंनी ते परीक्षेच्या गुणांसारखं वाचलं, म्हणजे ४० टक्के निकामी! हृदय एका ठोक्याला आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. ५५ ते ७० म्हणजे नॉर्मल.

बोनमॅरो म्हणजे पाठीतलं पाणी काढणं नव्हे. सुई मणक्यात जात नाही, कमरेखाली मागच्या बाजूला जे हाड हाताला लागतं त्यात जाते. भूल दिलेली असते, पण मॅरो ओढताना काही सेकंद सणकन कळ जाते, ती भुलीने थांबत नाही. हे आधी सांगावं आणि त्या क्षणी लांब उच्छ्वास सोडायला सांगावं. "काहीच दुखत नाही" असं खोटं सांगितलं की पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

रिपोर्ट तुकड्यातुकड्याने येतो. मॅरोच्या पातळ नमुन्याचा दोन-तीन दिवसांत, हाडाच्या तुकड्याचा साधारण आठवड्याने, क्रोमोसोमचा दोन-तीन आठवड्यांनी. मुलाने रात्री अकराला मोबाइलवर पहिला तुकडा उघडला, "ब्लास्ट २ टक्के" वाचलं आणि पहाटेपर्यंत नेट धुंडाळलं. ब्लास्ट म्हणजे अपक्व पेशी, निरोगी मॅरोमध्येही त्या पाच टक्क्यांच्या आत असतातच. तेव्हापासून नियम केला, रिपोर्ट एकानेच उघडायचा, तोही सकाळी, ओपीडी सुरू असताना.

काही गोष्टींत मात्र वही मिटून थेट दवाखाना गाठायचा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, न थांबणारं रक्त, चक्कर येऊन पडणं, छातीत दाबल्यासारखं होऊन घाम येणं, बसल्याजागी दम. जगणं नकोसं वाटत असेल तर तेही तितकंच तातडीचं. त्याच वेळी जवळच्या माणसाला सांगायचं, त्याने सोबत थांबायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ताईंचं निदान निघालं ते बी-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता. तिच्यात रक्ताचं चित्र कधी कधी हुबेहूब ल्युकेमियासारखं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसारखं, दिसतं. रक्त चढवण्याआधी आणि इंजेक्शन देण्याआधी बी-१२ चा नमुना घेतला होता म्हणून ते चटकन कळलं. सगळ्यांचा रिपोर्ट असा येत नाही. वही मात्र ल्युकेमिया निघालेल्यांनाही तेवढीच लागते.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. आनंदाची बातमी मिळूनही आईला धडधडतंय, टेन्शनची सवय लागली का? वहीत काय लिहिलंय, विचारलं. ठोके ९०, आणि पुढे ताईंच्या अक्षरात, "मध्येच एक चुकतो." टेन्शनची नोंद अशी कधीच नव्हती. लगेच बोलावून पोटॅशियम तपासलं, ३.१ निघालं, ते ३.५ च्या वर हवं. बी-१२ मिळाल्यावर नव्या पेशी झपाट्याने तयार होतात आणि रक्तातलं पोटॅशियम ओढून घेतात. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, दोन दिवसांनी पुन्हा तपासणी ठेवली आणि वही चालूच ठेवायला सांगितली.