हर-टू २+ म्हणजे निगेटिव्ह नव्हे

स्तनाच्या कर्करोगात सिग्नलिंग प्रथिनांचं काम काय, आणि रिपोर्टवर हर-टू नुसतं २+ असेल तर एवढ्या खोलात जायची गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. शंभर टक्के आहे. २+ म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही, असा अधांतरी निकाल.

२०१७ साली आईच्या बायोप्सीवर हेच आलं होतं. ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिनं) दोन्ही निगेटिव्ह, हर-टू २+, खाली ‘फिश करून घ्यावी’, म्हणजे पुढची जनुकाची तपासणी. दादा म्हणाला, "दोन प्लस म्हणजे नसल्यात जमा. आता तपासण्या बास, केमो सुरू करू." मी घरात धाकटी, त्यात कॉमर्सवाली, माझं कोण ऐकणार? तरी मिरजेच्या लॅबमधून ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा, मागून आणला. इवलीशी प्लास्टिकची जाळीदार डबी, कडेला पेन्सिलीने नंबर, आत मेण आणि मेणात मसूरडाळीएवढा पांढुरका ठिपका. ती आईची गाठ. एप्रिलचं ऊन, मेण मऊ पडेल या भीतीने गार पाण्याच्या बाटलीला टेकवून पुण्यापर्यंत मांडीवर धरून बसले. दहाव्या दिवशी फिशचा रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, जनुकाच्या प्रतींचं गुणोत्तर ४.१.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. शेजारच्या रिसेप्टरशी (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाशी) त्याची जोडी जुळली की आत ‘वाढा’ असा निरोप जातो. त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की पृष्ठभागावर इतकी गर्दी होते, की बाहेरून काही न येताही जोड्या जुळत राहतात आणि पेशी विभागतच सुटते. फिशमध्ये या प्रतीच मोजतात. अशा गाठी जास्त आक्रमक असतात हे डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूवरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. आईला ते वर्षभर, दर तीन आठवड्यांनी दिलं. फिश झाली नसती तर कुणी दिलंच नसतं. पेशीच्या आत हा निरोप पुढे नेणाऱ्या पीआय३के, रॅस वगैरे साखळ्यांत मी शिरत नाही, तुमचा निर्णय त्यावर अडलेला नाही.

दादा आजही म्हणतो, केमोनेच भागलं असतं. कशावरून? पैसे वाचवायचे तर बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध) घेऊन वाचवा, आम्ही तेच घेतलं. तपासणीत वाचवू नका.

हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं. आईचा इको (हृदयाची सोनोग्राफी) दर तीन महिन्यांनी व्हायचा. फिश निगेटिव्ह आली तर उपचाराची दिशा वेगळी असते. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द ऑन्कॉलॉजिस्टचा. ब्लॉक मात्र आजच मागा. आम्हाला साध्या अर्जावर सही घेऊन दिला होता.