डिप्लोमा झालेल्या भावासाठी लिंक्डइनबद्दल थोडं

भावा, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कोल्हापूरकडच्या सगळ्या एमआयडीसींत अर्ज टाकतोयस, चांगलं आहे. पण अर्ज आला की एचआरवाले बऱ्याचदा आधी तुझं नाव नेटवर शोधतात.

लिंक्डइनवर नावाखालची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिथं २२० अक्षरं मिळतात, आणि आपली पोरं 'नोकरीच्या शोधात' एवढंच लिहून ती वाया घालवतात. माणूस शोधणारा 'सीएनसी प्रोग्रामिंग' (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रामिंग), 'सँड कास्टिंग' (वाळूच्या साच्यातलं ओतकाम) असे शब्द टाकून शोधतो. जे खरंच येतं तेच लिही. खोटं मशीनसमोर लगेच उघडं पडतं.

प्रोजेक्टचं नुसतं नाव नको. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायू अडकून पडणारी पोकळी) का येत होते, तू काय तपासलंस, काय बदललंस, हे चार ओळींत सांग. स्वतः काढलेलं ड्रॉइंग जोड. मात्र कंपनीचं ड्रॉइंग किंवा कारखान्यातला फोटो परवानगीशिवाय टाकू नकोस. कळकळीनं सांगतोय, ते काम गिऱ्हाईकाचं असतं.

'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी हवी असल्याची लिंक्डइनवरची खूण, फक्त रिक्रूटरना (माणसं भरती करणाऱ्यांना) दिसेल असंही ठेवता येतं. तरी सध्याच्या कंपनीला कळणारच नाही, याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही.

आणि नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथंच बोलणं थांबव.