१९९४ ची जिप्सी आहे, कार्बोरेटरला किट टाकू की नवीनच बसवू?

तुम्ही लिहिलंय की गाडी ९४ ची वाइड ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांत अंतर जास्त असलेली) जिप्सी, ९७० सीसीवाली, सकाळी चोक ओढूनही पाच-सहा सेल्फ मारावे लागतात, आयडलिंग वरखाली होतं, चढावर पेट्रोलचा वास येतो आणि गाडी बंद पडते, आणि मिस्त्री म्हणतोय कार्ब, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर, गेला, नवीन टाका. माझं मत विचाराल तर स्पिंडल (कार्बच्या आतल्या बटरफ्लाय झडपेचा दांडा) हातात धरून बघितल्याशिवाय नवीन कार्बला पैसे देऊ नका. माझ्याकडे ९१ ची नॅरो ट्रॅक आहे आणि हीच चूक मी करून बसलोय म्हणून एवढं लिहितोय.

माझ्या वेळी मिस्त्रीने नवीन आणला, खोक्यावर कंपनीचं नाव नाही, आत एकदम चकाचक माल. दोन दिवस गाडी अशी चालली की मी घरी सगळ्यांना चक्कर मारून आणली. मग लक्षात आलं की जोरात ॲक्सिलरेटर दिला की सेकंडरी (जोर लागला की उघडणारा कार्बचा दुसरा घसा) उघडताना गाडी क्षणभर श्वास अडकल्यासारखी थांबते आणि मग पळते. चोकची केबल नीट बसेना म्हणून पट्टी वाकवलेली, पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक जेटवर नंबरच नाहीत, म्हणजे ट्यूनिंग करायचं तर कुठून सुरुवात करणार? सहा महिन्यांनी जुना कार्ब, जो नशिबाने मी डब्यात घालून ठेवला होता, तोच किट (नीडल, डायाफ्राम, गास्केट यांचा नवा संच) टाकून परत चढवला आणि आजही तोच आहे. बाजारात मिळणारे सगळेच नवे वाईट असतात असं नाही, पण ओरिजिनल बॉडी शाबूत असेल तर ती सोडून कॉपी घेणं म्हणजे सोनं देऊन पितळ आणणं.

पण त्याआधी कार्बच दोषी आहे का ते बघा. जुन्या गाडीत काहीही झालं की कार्बवर खापर फुटतं. प्लगना ठिणगी वाटणारं डिस्ट्रिब्युटर पॉइंटवालं असेल तर पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग, आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) शेवटचे कधी सेट केलेत ते विचारा. व्हॅक्युमच्या रबरी नळ्या एकेक करून वाकवून बघा, तीस वर्षांची नळी वाकवली की भेगा दिसतात. डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पंपाचा डायाफ्राम फाटला असेल किंवा कार्ब ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली उतरतंय, दोन्ही बाबतीत आधी ते थांबवा आणि ऑइल बदला, नाहीतर बेअरिंगची वाट लागेल. पेट्रोलचा फिल्टर काढून पांढऱ्या कपड्यावर झटका, लाल भुकटी पडली तर टाकी आतून गंजलीय, अशा टाकीवर नवीन कार्ब बसवला तरी महिन्याभरात परत तेच रडगाणं.

आता स्पिंडल. एअर क्लीनर काढा, कार्बच्या तळाला बटरफ्लायचा जो दांडा आरपार गेलाय त्याचं टोक दोन बोटांत धरा आणि वरखाली हलवा. फिरणं वेगळं, हलणं वेगळं. किंचित खेळ सगळ्याच जुन्या कार्बला असतो, पण खटखट हाताला लागत असेल तर तिथून हवा आत जातेय. खात्री करायची तर इंजिन गार असताना चालू करून त्या टोकापाशी साबणाचं पाणी पिचकारीने थोडं मारा, आयडलिंगचा आवाज बदलला की समजायचं. बरेच जण इथे कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, पण तो पेट घेऊ शकतो, मी पाणीच वापरतो.

यात गंमत अशी आहे की हवा जास्त गेली की आयडलिंग डगमगतं, मग मिस्त्री आयडलचा स्क्रू आवळतो, बटरफ्लाय थोडा जास्त उघडा राहतो, मग मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) फिरवून काही फरकच पडत नाही, मग तो म्हणतो कार्ब गेला. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन बंद पडत नसेल तर हेच झालंय किंवा पेट्रोल दुसरीकडून जास्त येतंय. कार्बला वायर लावलेला सोलेनॉइड (आयडलिंगचं पेट्रोल उघडणारी विजेवरची झडप) असेल तर चावी ऑन करताना टिक् असा आवाज येतो का तेही ऐका, तो मेला असेल तर गाडी आयडलिंगला उभीच राहणार नाही आणि लोक उगाच सगळा कार्ब उघडून बसतात.

तुमची चढावरची तक्रार मात्र मला स्पिंडलची वाटत नाही, ती फ्लोट आणि नीडलची आहे. बाऊल म्हणजे कार्बमधली पेट्रोलची वाटी, फ्लोट त्यात तरंगतो आणि वर आला की नीडल, म्हणजे सुई, पेट्रोल बंद करते. गाडी तिरकी झाली की बाऊलमधलं पेट्रोल एका बाजूला जातं, फ्लोटची पातळी आधीच वर असेल किंवा नीडलचं टोक झिजून त्यावर गोल चर पडली असेल तर पेट्रोल थांबत नाही आणि सरळ नळीतून घशात उतरतं. कोयनेच्या बाजूला एका कच्च्या चढावर माझी गाडी अशीच बसली होती, पाठीमागे दोन गाड्या, पेट्रोलचा भपका, आणि मी सेल्फ मारतोय तसं आणखी पेट्रोल जातंय. अशा वेळी चोकला हात लावायचा नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा, जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. त्या वेळी नवीन नीडल आणि सीट टाकून पातळी मापात घेतली आणि तो त्रास संपला. फ्लोट हलवून कानाशी धरा, आत पेट्रोल डचमळत असेल तर तो भोक पडलेला आहे, तो बदलावाच लागेल.

आणखी एक, इथेनॉल. २०२३ पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. आपल्या गाडीतलं जुनं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही, ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम कडक होतो नाहीतर फुगतो, नळ्या मऊ पडतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बाऊलच्या तळाला पांढरी पूड धरते. शिवाय शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च, म्हणून तेच जेट ठेवलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मी प्रायमरीचा (पहिल्या घशाचा) मेन जेट एक नंबर मोठा टाकला, पिकअप सुधारला. तुमच्या गाडीला लागेलच असं नाही, आधी किट टाकून प्लगचा रंग बघा.

किट घेताना नीडल आणि सीट दोन्ही आहेत का, डायाफ्रामचं रबर चांगलं आहे का, सगळे गास्केट आहेत का हे दुकानातच उघडून जुन्याशी ताडून बघा. उघडताना मोबाईलने फोटो काढत जा, मिक्श्चर स्क्रू आत नेताना किती फेरे झाले ते लिहून ठेवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ब उलटा करण्याआधी खाली ताट ठेवा. ॲक्सिलरेटर पंपाच्या वाटेत साबुदाण्याएवढी स्टीलची गोळी असते, ती घरंगळून गटारात गेली तर सकाळ जाते, माझी गेली होती. जेटमध्ये तार खुपसू नका, क्लीनर आणि कंप्रेसरची हवा बस्स. वरचं झाकण आणि खालचा फ्लँज काचेवर ठेवून डगडगतो का बघा, जास्त आवळून वाकलेले असतात, बारीक पॉलिश पेपर काचेवर चिकटवून हळूहळू घासले की सरळ होतात. कार्ब आणि मॅनिफोल्डमधला जाड काळा इन्सुलेटर तडकलेला असेल तर तोही बदला, नाहीतर किट टाकूनही हवा खेचेल.

स्पिंडल हलत असेल तरी लगेच फेकून देऊ नका. चांगला लेथवाला भोक मोठं करून पितळी बुश बसवून देतो, कोल्हापूर, पुण्यात हे काम करणारे आहेत, विचारत गेलात की सापडतील. फक्त बटरफ्लायचे बारीक स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, ते घासून काढावे लागतात आणि परत बसवताना लॉक करावेच लागतात, कारण एक जरी सुटला तर तो थेट इंजिनात.

नवीन किंवा दुसरा जुना शोधायचा तर एवढ्या कारणांसाठी: बॉडीला तडा गेलाय, पांढऱ्या पुडीने जेटचे आटे खाल्लेत, किंवा कुणी आधीच चुकीचे जेट ठोकून आटे मारलेत. तेव्हाही मी स्क्रॅपमधल्या जिप्सीचा ओरिजिनल घेईन आणि त्याला किट टाकेन. अमेरिकेत ही गाडी समुराई नावाने विकली जायची आणि तिकडचे लोक वेबर ३२/३६ हा कार्ब बसवतात, पण ते १.३ लिटर इंजिनावर, तुमच्या ९७० ला त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एमपीएफआय (कार्बऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन) करा असंही कुणीतरी सांगेल, म्हणजे इंजिन, वायरिंग, टाकीतला पंप, आणि वर आरटीओत आरसीवर नोंद, हे कार्बच्या दुरुस्तीचं उत्तर नाही, तो वेगळा छंद आहे.

किट टाकल्यावर पीयूसीवाल्याकडे मिक्श्चर सेट करून घ्या, जुन्या पेट्रोल चारचाकीला सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांपर्यंत चालतो आणि मशीनवर आकडा दिसत असताना स्क्रू फिरवणं कानाने ऐकत बसण्यापेक्षा बरं.

आणि समजा नवीन टाकायचंच ठरलं तर जुना मिस्त्रीला एक्सचेंजमध्ये देऊन येऊ नका, तो काय करतो ते मी बघितलंय, किट टाकून पुढच्या जिप्सीवाल्याला विकतो.