विंडोज १० वरून ११ कडे जावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मोफत सुरक्षा अपडेट देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तेव्हापासून बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: घरचा चालता संगणक तसाच वापरावा, त्यावर विंडोज ११ घ्यावे की नवा संगणक विकत आणावा? यंत्र कोणते आहे आणि त्यावर काम कसले चालते हे पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. म्हणून एकमेकांपासून वेगळ्या परिस्थितीतील पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सातारा): माझा लॅपटॉप २०१९ मध्ये घेतलेला आहे. प्रोसेसर आय-५ ८२५०यू, रॅम ८ जीबी. बँकेचे व्यवहार आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मी त्यावरच पाहते. लॅपटॉप पूर्वीसारखाच चालतो आहे. काहीच केले नाही तर चालेल का?

उत्तर: लॅपटॉप बंद पडणार नाही, फाइली उडणार नाहीत आणि उद्या सकाळीही तो आजच्यासारखाच सुरू होईल. म्हणूनच अनेकांना धोका जाणवत नाही. थांबले आहे ते दर महिन्याला येणारे सुरक्षा अपडेट. विंडोज १० आणि ११ यांच्या अंतर्भागातील पुष्कळसा कोड सामाईक आहे. त्यामुळे विंडोज ११ मधील एखादी त्रुटी दुरुस्त झाली की ती दुरुस्ती तपासून तशीच त्रुटी विंडोज १० मध्ये कोठे उघडी राहिली आहे हे शोधणे हल्लेखोरांना सोपे जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या आणि ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीचा त्यात वापर झाला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिली होती. ज्या संगणकांवर ती बसवलेली नव्हती, ते या हल्ल्यात सापडले.

‘माझ्याकडे अँटिव्हायरस आहे’ असे उत्तर यावर नेहमी मिळते. अँटिव्हायरस घातक फाइल किंवा संशयास्पद हालचाल ओळखतो. कार्यप्रणालीतील भोक तो बुजवत नाही. विंडोज १० मधील ‘डिफेंडर’ या अंगभूत अँटिव्हायरसला २०२८ पर्यंत नव्या व्हायरसांची माहिती मिळत राहणार आहे, तरीही ही मर्यादा कायम राहते.

आपला प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ साठी तो पात्र आहे. विंडोज १० ची प्रत अधिकृत असल्यास बदल मोफत होतो. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, तो आपण विंडोज ११ वर न्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तत्पूर्वी सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून ठेवा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही, आपणही ठेवू नये. बदल केल्यानंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ या भागातून जुन्या विंडोजकडे परत येता येते. त्या काळात ‘डिस्क क्लीनअप’ चालवू नका, कारण जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या गेल्या तर परतीचा मार्ग बंद होतो.

प्रश्न (ठाणे): २०१८ मध्ये असेम्बल करून घेतलेल्या माझ्या संगणकात आय-५ ८४०० प्रोसेसर आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने ‘टीपीएम २.० सापडले नाही’ असे सांगितले. दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगतो.

उत्तर: मदरबोर्ड बदलू नका. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी व्यवस्था. आपल्या पिढीच्या इंटेल संगणकांत ती सहसा अंतर्भूत असते, मात्र असेम्बल केलेल्या संगणकांत ती पुष्कळदा बंद ठेवलेली आढळते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ‘पीटीटी’ या नावाचा पर्याय शोधून तो सुरू करा. एएमडीच्या संगणकांत त्याच जागी ‘एफटीपीएम’ असते. त्यानंतरही अडचण राहिली तर संगणक जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होत आहे का ते पाहा. तसे असल्यास डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते आणि त्यासाठीचे साधन विंडोज १० मध्येच आहे. हे काम जाणकाराकडून आणि बॅकअप घेतल्यानंतरच करून घ्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बदलानंतर संगणक ती मागू शकतो.

प्रश्न (नाशिक): आमचा डेस्कटॉप २०१४ चा आहे. आय-५ ४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. मुलांचा अभ्यास आणि ऑनलाइन अर्ज भरणे एवढाच वापर आहे. विंडोज ११ साठी तो पात्र नाही, पण ओळखीचा तंत्रज्ञ म्हणतो की तो ‘फॉरमॅट मारून’ तरीही बसवून देईल. करून घ्यावे का?

उत्तर: माझे उत्तर ‘नको’ असे आहे. अशी पत्रे मोठ्या संख्येने येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अपात्र यंत्रावर विंडोज ११ बसते हे खरे आहे. इन्स्टॉल करताना होणारी तपासणी टाळण्याचे मार्ग सर्वश्रुत आहेत. पण अशा संगणकांना अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. मासिक अपडेट प्रत्यक्षात बऱ्याचदा येत राहतात; वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती मात्र आपोआप मिळत नाही. होम आणि प्रो प्रकारांत प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच सुरक्षा अपडेट मिळतात, त्यामुळे तपासणी टाळण्याचा हाच खटाटोप वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीने काही जुन्या प्रोसेसरांवर सुरू होण्यासच नकार दिला, कारण तिला लागणाऱ्या काही मूलभूत आज्ञा त्या प्रोसेसरांना कळत नव्हत्या. आपल्या प्रोसेसरला त्या कळतात, म्हणून त्या वेळी आपण वाचला असता. परंतु पुढील आवृत्तीत रेषा कोठे ओढली जाईल हे आपल्या हातात नसते.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. तंत्रज्ञाच्या पेन ड्राइव्हवरील विंडोज कोठून आले, त्यात कोणी काय फेरफार केले, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. सोबत एखादे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) चालवण्यासाठी तो अँटिव्हायरस बंद करायला सांगत असेल, तर त्या क्षणी काम थांबवा. सुरक्षिततेसाठी विंडोज बदलायचे आणि त्यासाठीच अनोळखी प्रोग्रॅमला संगणकाचे सर्व अधिकार द्यायचे, यात काही अर्थ नाही. मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि उत्पन्नाचे दाखले ज्या यंत्रावर अपलोड होतात, त्याच्याबाबतीत तर ही जोखीम मुळीच घेऊ नये.

मग काय करावे? पहिला उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टची विस्तारित सुरक्षा अपडेट योजना. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असलेल्या घरगुती संगणकांना या योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास वेगळे पैसे पडत नाहीत. तो नको असेल तर ३० डॉलर किंवा स्थानिक चलनातील तेवढी रक्कम भरता येते आणि त्या एका नोंदणीत १० संगणकांपर्यंत सोय होते. नोंदणीचा दुवा ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच दिसतो. नवीन सुविधा यात मिळत नाहीत, पण आपल्याला त्यांची गरजही नाही.

दुसरे म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. दहा वर्षांपूर्वीचा संगणक मंद वाटण्याचे कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसून फिरती डिस्क असते, आणि पुढे कोणतीही कार्यप्रणाली घेतली तरी हा खर्च वाया जात नाही.

तिसरा उपाय लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली. आपला वापर ब्राउझरपुरताच असल्याने तिचा ‘लिनक्स मिंट’ हा प्रकार आपल्याला पुरेसा आहे. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, मराठी युनिकोड (कोणत्याही संगणकावर सारखेच वाचता येणारे) टंकन त्यात होते आणि मुख्य म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. एक-दोन शनिवार-रविवार मुलांना त्यावर काम करू द्या. प्रिंटर, वाय-फाय आणि नेहमीची संकेतस्थळे नीट चालतात का ते तपासा. टॅली, मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन रोज लागत असते, तर मी हा सल्ला दिला नसता.

या अवधीत बाजारात फिरताना एक लक्षात ठेवा. कंपन्यांकडून परत आलेले जुने लॅपटॉप चांगल्या स्थितीत मिळतात, पण ‘आय-५ आहे’ या शब्दांवर भुलू नका. ८२५० मधील पहिला अंक आठवी पिढी सांगतो आणि ७२०० मधील सातवी. आठव्या पिढीच्या खालचा लॅपटॉप घेतलात तर आज आहात तेथेच पुन्हा याल.

प्रश्न (मुद्रणपूर्व जुळणीचा व्यवसाय, कोल्हापूर): लग्नपत्रिका, अहवाल आणि हँडबिले यांचे काम आम्ही श्रीलिपी (मराठी फाँट व टंकनाचे सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (पानांची मांडणी करणारा प्रोग्रॅम) यांवर करतो. श्रीलिपीची आवृत्ती जुनी असून तिला डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) लागते. वीस वर्षांच्या फाइली आहेत. विंडोज ११ घेतल्यावर त्या उघडतील का?

उत्तर: आपल्या व्यवसायात घाईने केलेला बदल सर्वात महाग पडतो, त्यामुळे आधी कोणती गोष्ट बिघडू शकते हे वेगवेगळे करून पाहू. फाँटच्या फाइली विंडोज ११ वर सहसा चालतात, म्हणजे जुना मजकूर दिसण्यात मोठी अडचण येऊ नये. अडचण येते ती डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण विंडोजशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आणि कळफलक ताब्यात घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. विंडोज ११ फक्त ६४ बिट स्वरूपात मिळते. त्यावर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, पण ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. १६ बिटचे तर काहीच चालत नाही, आणि काही जुन्या प्रोग्रॅमचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात. शिवाय ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा सुरू असल्यास जुने ड्रायव्हर अडवले जातात. ती कायमची बंद करून काम भागवण्याऐवजी उत्पादकाकडे नव्या ड्रायव्हरची मागणी करा.

तेव्हा सध्याचा संगणक तसाच ठेवा, त्याचे इंटरनेट काढून घ्या आणि तो जुळणीसाठीच वापरा. ग्राहकांची ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर आणि बँकेचे काम यांसाठी विंडोज ११ चा दुसरा संगणक असावा. दोहोंमध्ये पेन ड्राइव्हने देवाणघेवाण करताना तो नव्या संगणकावर प्रथम तपासून घ्या. चालत्या यंत्राच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) मात्र आजच काढून ठेवा, कारण ते यंत्र बंद पडले तर नवे घेऊन त्यावर जुनी मांडणी उभी करणे फार कठीण आहे.

याच्या जोडीला युनिकोडकडे वळण्याचे काम हळूहळू सुरू करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की अगम्य रोमन चिन्हे दिसतात, आणि त्यात शोध घेणेही धड जमत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल आणि स्मरणिका हा गावाचा दस्तऐवज असतो. निदान तेवढ्या फाइली परिवर्तकातून (फाँट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे व रफार नीट उतरले का हे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. पत्रिकांच्या फाइलींना पीडीएफ पुरेशी आहे.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): पुण्यात आईवडील दोघेच असतात. त्यांचा संगणक पात्र आहे. मी येथून दूरस्थपणे विंडोज ११ करून देऊ का?

उत्तर: शक्य असेल तर पुढील भेटीत समोर बसून करा, तोवर वर सांगितलेली विस्तारित अपडेट योजना लावून द्या, ते काम दुरून सहज होते. बदल सुरू असताना संगणक अनेकदा बंद-चालू होतो आणि तेवढ्या वेळात आपल्याला पडद्यावरचे काहीच दिसत नाही. त्यात वीज गेली किंवा संगणक अडला तर तो सोडवण्याची वेळ त्यांच्यावर येते. आताच करणे भाग असेल तर यूपीएसची बॅटरी तपासून घ्या आणि पुण्यातील सकाळ निवडा, म्हणजे गरज पडल्यास कोणाला तरी बोलावता येईल.

नंतरची घडी बसवणे तितकेच महत्त्वाचे आहे. टास्कबारच्या सेटिंग्जमधून स्टार्टचे बटण डावीकडे आणा, रोज लागणारी संकेतस्थळे डेस्कटॉपवर पूर्वीच्याच जागी ठेवा आणि अक्षरांचा आकार पूर्वीइतकाच आहे ना ते पाहा. वडील मराठी टंकन करत असतील तर त्यांचा नेहमीचा कळफलक, इन्स्क्रिप्ट असो वा फोनेटिक, स्वतः जोडून द्या. मायक्रोसॉफ्ट खाते वडिलांच्या नावाने आणि त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर असावे. आपल्या खात्याने साइन-इन केलेत तर रिकव्हरी की आपल्या खात्यात राहील आणि मध्यरात्री फोन आपल्यालाच येईल.

प्रश्न (सिंधुदुर्ग): आमच्याकडे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. विंडोज ११ साठी किती डेटा लागेल?

उत्तर: पाच जीबीच्या पुढे धरून चाला. रोजच्या डेटा मर्यादेत ते बसणार नसेल तर चांगले ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकांकडे मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याचा सगळा संच असलेली एकच फाइल) उतरवा, ८ जीबीहून मोठ्या पेन ड्राइव्हवर आणा आणि आपले विंडोज १० चालू असतानाच ती उघडून सेटअप सुरू करा. अपडेट उतरवण्याविषयी तो विचारील तेव्हा ‘आत्ता नको’ निवडा. फाइली आणि प्रोग्रॅम तसेच ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पुढे जाण्यापूर्वी एकदा पाहा.